कळवा ते रबाळे, रोजची सायकल : हब मोटर बसवण्याच्या नोंदी

काम एवढंच : गॅलरीत पडून असलेल्या २६ इंची गिअर सायकलला मागच्या चाकात मोटर बसवायची आणि कळवा नाक्यावरून विटावा, दिघे, ऐरोली करत रबाळे एमआयडीसीत कामाला जायचं. एकेरी साडेआठ किमी, दिवसाला १७. आतापर्यंत हा प्रवास स्कूटरवर होत होता. लोकलने जायचं तर कळव्याहून आधी उलटं ठाण्याला जायचं आणि तिथून ट्रान्स-हार्बर पकडायची. कळवा त्या मार्गावर नाही, दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं तरी कळवा नाक्यापासून ते चालत जाण्यासारखं नाही.

खाली खर्च, चुका आणि वाया गेलेले दिवस जसे होते तसे दिले आहेत.

१ मार्च २०२५ : मोजमाप

किट मागवण्याआधी तीन मापं लागतात. मागच्या चिमट्याच्या दोन पात्यांमधलं अंतर, पात्यातल्या खाचेची रुंदी आणि रिमची भोकं. इथे अंतर १३५ मिमी, रिम ३६ भोकांची. खाच पट्टीने मोजली, १० मिमी आली.

पट्टीने मोजणं ही पहिली चूक. मोटरचा आस १२ मिमी जाडीचा, दोन बाजूंनी तासून १० मिमी केलेला असतो आणि तो खाचेत घट्ट बसावा लागतो. व्हर्निअरने नंतर पाहिलं तर रंगाच्या थरामुळे खाच ९.६ निघाली. कानस फक्त रंग जाईपर्यंत मारायची. लोखंड खाल्लं की आस खाचेत हलतो, आणि हलणारा आस पुढे सगळं बिघडवतो. या कामात दोन तास गेले.

फ्रेम लोखंडी आहे का, हे चुंबक लावून बघा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला खाचेपाशी तडा जातो तो एकदम, आधी वाकून इशारा देत नाही.

४ मार्च : किट आणि बॅटरी

मोटर ३६ व्होल्ट, २५० वॅट, गिअरवाली हब (म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी, आत गिअर असलेली). दुकानदार त्याच पैशांत ३५० वॅटची देत होता, ती घेतली नाही. पाव किलोवॅट आणि ताशी २५ किमी या मर्यादा ओलांडल्या की गाडी मोटार वाहन ठरते : नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. मागच्या चाकाचंच किट घेतलं, कारण पुढचा चिमटा शॉकअपचा आहे आणि त्याची पाती मोटरचा पिळा सोसण्यासाठी बनवलेलीच नसतात.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३२७०० मापाचे ६ अँपिअर-तासाचे २४ सेल. दोन-दोन समांतर, असे बारा गट ओळीने. म्हणजे १२ अँपिअर-तास, ३८.४ व्होल्ट, साधारण ४६० वॅट-तास. वजन साडेचार किलो. नेहमीची निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरी याहून किलोभर हलकी मिळाली असती. पण चार्जिंग वन-रूम-किचनमध्ये, झोपायच्या खोलीतच होणार. फॉस्फेटचे सेल तापून पेट घेण्याची शक्यता बरीच कमी आणि ते टिकतातही जास्त. एक किलो जास्त ओढलेलं परवडलं.

९ मार्च : चाक बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं

मोटर बसवून आलेलं चाक आत जातं, पण सातवा गिअर फ्रेमला घासतो. चेनच्या बाजूला आसावर ३ मिमीचा वायसर टाकला. पाती किंचित फाकली (लोखंडी असल्यामुळे चाललं), घासणं थांबलं. मग रिम डाव्या बाजूला दीड मिमी सरकलेली दिसली आणि डावा ब्रेकपॅड चिकटून बसला. उपाय ब्रेक सरकवणं नव्हे. चेनच्या बाजूचे स्पोक पाव-पाव फेरा आवळायचे, दुसऱ्या बाजूचे तेवढेच सैल करायचे, दोन वेळा चाक फिरवून बघायचं. घरी जमलं नाही. कळव्यातल्या सायकलवाल्याने १५० रुपयांत अर्ध्या तासात सरळ करून दिलं.

टॉर्क आर्म किटसोबत आला नव्हता. टॉर्क आर्म म्हणजे आसाच्या तासलेल्या भागावर चपखल बसणारी आणि फ्रेमला बांधलेली पट्टी, आस खाचेतल्या खाचेत फिरू नये म्हणून. लेथवाल्या काकांना ३ मिमीची पट्टी सांगितली. ते म्हणाले, "तीनची नको हो, पाचची घ्या, परत यायला नको." पाचची केली, ३०० रुपये. खाचेत बसणारा दातवाला वायसर पात्याच्या बाहेरून लावायचा, दात खाचेत. पहिल्यांदा आतून लावला होता, त्यामुळे नट आवळला तरी पातं तिरकं दाबलं जात होतं.

१२ मार्च : वायरिंग

कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारी पेटी) सीटखालच्या पिशवीत, बॅटरी मधल्या दांड्यावर. बॅटरीपासून २.५ चौरस मिमी तार आणि बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज. लांब ठेवलेल्या फ्यूजला अर्थ नाही, त्याच्या अलीकडची तार घासून उघडी पडली तर वाचवायला कोणी नाही.

थ्रॉटल (हँडलवरची वेगाची मूठ) जोडला नाही. फक्त पेडलचा सेन्सर : बारा चुंबकांची चकती पेडलच्या आसावर आणि समोर फ्रेमला सेन्सर, मध्ये २ मिमी फट. फट ४ मिमी झाली की मोटर अडखळत चालते. चकती उलट्या तोंडाने बसवली, तर पेडल पुढे मारल्यावर शुकशुकाट आणि मागे फिरवल्यावर मोटर सुरू! तेच झालं. क्रँक (पेडलचा दांडा) पुन्हा काढावी लागली, एक संध्याकाळ गेली. कॉटर पिनवाल्या जुन्या काळ्या सायकलवर हे करणार असाल तर दोन तुकड्यांत उघडणारी चकती मागा, क्रँक उतरवायची वेळ येणार नाही.

१५ मार्च : चाचणी

मागचं चाक उचलून पेडल हाताने फिरवलं. बिनओझ्याचा वेग ३१ दाखवला. या कंट्रोलरला वेगमर्यादेची एक पांढरी जोडतार आहे, ती जोडल्यावर २५ वर मोटर सोडते.

ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच असतो. तो चैनीचा नाही. पेडल थांबवलं तरी सेन्सरला ते कळायला अर्धा-एक सेकंद लागतो आणि तेवढा वेळ मोटर ढकलत राहते. ट्रकच्या मागे हा अर्धा सेकंद फार मोठा वाटतो. डावा स्विच चालत होता, उजवा नाही : लिव्हरमधलं चुंबक सुटून खाली पडलेलं. इपॉक्सीने चिकटवलं. पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर आणि दोन दिवे लावले.

१७ मार्च ते २ एप्रिल : पहिले २०० किमी

सपाट रस्त्यावर ताशी २०–२२ आरामात. कळवा नाका ते कंपनीचं गेट २८ ते ३२ मिनिटं. सकाळी स्कूटरला २५ लागत होती.

बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये वापरलेली वीज मोजणारा वॉटमीटर लावला आहे. पहिल्या आठवड्याची सरासरी १३.६ वॅट-तास प्रति किमी, अपेक्षेपेक्षा जास्त. कारण टायरमध्ये निघालं : १.९५ रुंदीच्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा होती. ५० केल्यावर तोच रस्ता, तोच माणूस, ११.८. एक रुपया न घालता आठवा हिस्सा वीज वाचली. आता दर सोमवारी हवा, न चुकता.

२ एप्रिलला मागून टिंग-टिंग आवाज. चार स्पोक बोटाने हलत होते. कारखान्यातून आलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये सैल होतातच, आणि मोटर मधूनच ओढत असल्यामुळे साध्या चाकापेक्षा लवकर. आवाजाची वाट बघायला नको होती, शंभरला एकदा आवळून घ्यायला हवे होते. आणखी १५० रुपये.

१६ एप्रिल : २६ किमीला बॅटरी बंद

हिशेबाने एका चार्जवर ३८ किमी मिळायला हवेत, म्हणून एक दिवसाआड चार्जिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी एमआयडीसीच्या कोपऱ्यावर सगळं गप्प. हँडलवरचे चारही दिवे त्याआधी पाच मिनिटं हिरवे होते.

दिव्यांचं आधी सांगतो. ते व्होल्टेजवर चालतात आणि फॉस्फेट सेलचं व्होल्टेज ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट राहतं. त्यामुळे या बॅटरीसाठी ते दिवे शोभेचे. खरा आकडा वॉटमीटरवरचे वापरलेले अँपिअर-तास. त्या सकाळी तो ८.१ होता, बारा नव्हे.

बॅटरी उघडून बारा गट वेगवेगळे मोजले. अकरा गट ३.२८ व्होल्टच्या आसपास, सातवा २.८४. एक गट रिकामा झाला की बीएमएस (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) सगळ्यांनाच थांबवतो, बाकीच्यांत वीज असली तरी. सेल खराब असेल असं वाटलं, पण दोष चार्जरचा निघाला. दुकानातून बॅटरीसोबत आलेला चार्जर ४२ व्होल्टचा, म्हणजे दहा गटांच्या दुसऱ्या जातीच्या बॅटरीचा. बारा गटांच्या फॉस्फेट बॅटरीला ४३.८ लागतात. ४२ ला बाराने भागलं तर गटाला ३.५ व्होल्ट. बॅटरी भरल्यासारखी वाटते, पण बीएमएस गट समान करायला सुरुवातच करतो ३.५५ च्या वर. म्हणजे महिनाभर समतोल झालाच नाही आणि जोडणीच्या दिवशी मागे असलेला सातवा गट मागेच राहिला. प्लग बसतो म्हणून चार्जर चालतो, असं नसतं. चार्जरच्या पाठीवरचा आकडा वाचायला दहा सेकंद लागले असते.

दुरुस्ती : बाकीची बॅटरी नेहमीप्रमाणे चार्ज केली, मग बेंच सप्लाय (व्होल्ट-अँपिअर ठरवून वीज देणारं यंत्र) ३.६० व्होल्ट, २ अँपिअरवर बांधून फक्त सातव्या गटाला दोन तास. बीएमएसच्या भरवशावर सोडलं असतं तर त्याच्या ५० मिलीअँपिअरच्या गतीने काही दिवस लागले असते. त्यानंतर ४३.८ चा चार्जर विकत घेतला, १,६५० रुपये. पहिल्या दोन रात्री दिवा हिरवा झाल्यावरही तो सहा-सात तास लावून ठेवला. पुढच्या चाचणीत ११.४ अँपिअर-तास मिळाले.

ज्यांच्याकडे बेंच सप्लाय नाही त्यांनी हे काम बॅटरी जोडणाऱ्याकडून करून घ्यावं. उघड्या बॅटरीवर अंगठी, कडं, घड्याळ काढून काम करा आणि पान्याला टेप गुंडाळा.

२६ मे ते ६ जून : पाऊस आधी आला

वॉटरप्रूफिंग जूनच्या पहिल्या रविवारी करायचं ठरलं होतं. २०२५ चा मान्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, नोंदी आहेत तेव्हापासूनचा सर्वात लवकर. तिसऱ्या दिवशी मोटर खरखर करत झटके देऊ लागली, पेडल मारलं की थरथरायची आणि जोर नाही.

या लक्षणाला दोन कारणं असतात : मोटरच्या तीन जाड तारांपैकी एक तुटली, किंवा हॉल सेन्सरची (मोटरचा फिरणारा भाग, रोटर, कुठे आहे हे कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरची) एक तार गेली. जाड तारा ठीक होत्या. हॉलच्या पाच बारीक तारा : लाल-काळ्यामध्ये ४.९ व्होल्ट आले, म्हणजे पुरवठा आहे. मग पिवळी, हिरवी, निळी एकेक करून काळ्याशी मोजायची आणि चाक हळूहळू फिरवायचं. प्रत्येकीवर ० आणि ५ अशी अदलाबदल दिसली पाहिजे. एकीवरही दिसली नाही. तिन्ही हॉल मेले, असा निष्कर्ष काढून मोटर उघडली. सहा स्क्रू, घट्ट झाकण, पुलर शोधण्यात तीन दिवस. आत सगळं कोरडं आणि चकचकीत.

चूक चाक फिरवण्यात होती. गिअरवाल्या हबमध्ये आत एकेरी क्लच असतो. चाक पुढे फिरवलं तर आतला रोटर जागचा हलत नाही, मग हॉल बदलणार कशाने? मोजताना चाक उलटं फिरवायचं. उलटं फिरवल्यावर पिवळी आणि निळी व्यवस्थित, हिरवी कायम ५ वर. जोडणीचा प्लॅस्टिक कनेक्टर उघडला तर हिरव्या तारेच्या पिनवर तांब्याचा हिरवट गंज. तार आतून नीट, पिन फक्त खाल्लेली. कनेक्टर कापला, पाचही तारा कथलाने जोडल्या, आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवली. चाळीस रुपयांचं काम आणि नऊ दिवस स्कूटरवर.

पाणी आलं कुठून? मोटरची तार आसातून बाहेर पडून सरळ वर कंट्रोलरकडे गेली होती आणि कनेक्टर तिच्या सर्वात खालच्या टोकाला होता. पाणी तारेवरून ओघळत तिथेच मुरलं. आता कनेक्टर वर सरकवून तारेला पोट सोडलं आहे : आसातून निघाल्यावर आधी खाली, मग वर. थेंब पोटावरून गळून पडतो.

कंट्रोलरची पिशवीही उत्साहात सिलिकॉनने पूर्ण बंद केली होती. दोन दिवसांनी उघडली तर आत पाणी, बाहेरून शिरलेलं नव्हे, गरम-थंड होऊन जमलेलं दव. तळाला ५ मिमीची दोन भोकं पाडली, तारा सगळ्या खालच्या बाजूने आत घेतल्या. तेव्हापासून कोरडी आहे.

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं हे या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. २६ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून ३३ सेंमीवर असतो. पाणी अर्ध्या चाकाला लागणार असं दिसलं की उतरून परत फिरायचं आणि ठाण्याहून लोकल धरायची. मोटर बुडली तर आसाच्या तारेच्या वाटेने पाणी आत जातंच, वरून कितीही सील करा.

३० जून : हिशेब

साडेतीन महिन्यांत ५२ दिवस सायकल, ८८४ किमी. चार्जर उसन्या आणलेल्या प्लग मीटरमधून चालवला : भिंतीतून १२.६ युनिट. म्हणजे किमीला १४.३ वॅट-तास, त्यातले साधारण १२ कंट्रोलरपर्यंत पोहोचतात, उरलेले चार्जर आणि बॅटरीच्या गरमीत.

स्कूटर लिटरला ४५ देते. तेवढ्याच किमीला १९.६ लिटर पेट्रोल. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ४५ किलो. देशाच्या ग्रिडला युनिटमागे साधारण ०.७२ किलो धरतात, त्या दराने सायकलचे ९ किलो. बचत ३६ किलो. पण ०.४६ किलोवॅट-तासाची बॅटरी बनवतानाही धूर झालाच आहे : किलोवॅट-तासाला ६० ते १०० किलो धरला तर २८ ते ४६ किलो. म्हणजे आत्तापर्यंतच्या बचतीने फक्त बॅटरीचं देणं फिटत आलं. खरी बचत यापुढे मोजायची, आणि तीही स्कूटर उभी राहिली म्हणून. लोकल सोडून सायकल घेतली असती तर ही वजाबाकी करण्यात अर्थ नव्हता, कारण गाडी आपल्याशिवायही तितकीच वीज खाऊन ठाण्याहून सुटते.

पैसे : किट ९,८००, बॅटरी १४,५००, दुसरा चार्जर १,६५०, टॉर्क आर्म ३००, चाक सरळ करणं दोनदा ३००, वॉटमीटर ८५०, कनेक्टर-नळ्या-तारा ६२०, टायर-ट्यूब ७८०, दिवे-रिफ्लेक्टर ५४०, ब्रेकपॅड १६०. एकूण २९,५००. पेट्रोल १०४ रुपयांनी २,०४० वाचले, वीज दहा रुपये युनिटने १२६ गेली. महिन्याला साडेपाचशेच्या आत-बाहेर. या गतीने वसुली साडेचार वर्षांत. झटपट पैसे वाचतील म्हणून करणाऱ्याने हे करू नये. रोज तीस-पस्तीस किमी जाणाऱ्याचं गणित वेगळं येईल.

५ जुलै : पंक्चर

मागचं पहिलं पंक्चर, दिघ्याजवळ. दुकानदाराने तार बघितली आणि हात वर केले. चाक काढायची गरजच नव्हती : सायकल उलटी केली, टायरची एक बाजू रिमवरून उतरवली, ट्यूब बाहेर ओढून जागच्या जागी चिकटवली. २५ मिनिटं. वाल्व्हपाशीच फाटली असती तर मात्र चाक उतरवावंच लागलं असतं. त्यासाठी आसाच्या नटाचा १८ चा पाना, टॉर्क आर्मचा १० चा पाना आणि मोटरच्या तारेला बांधलेले झिपटाय कापायला कटर आता पिशवीत आहेत. नट परत आवळताना पान्यावर ३५ ते ४० न्यूटन-मीटर जोर. टॉर्क रेंच नसेल तर वीतभर लांब पाना आणि एका हाताचा पूर्ण दाब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नट पुन्हा तपासला, फेऱ्याचा आठवा भाग आणखी आवळला गेला. मार्करने नट आणि पात्यावर एकच रेघ ओढून ठेवली आहे, हलला तर न वाकता दिसतं.